भावाच्या फेनिटोइनची कंपनी बदलली अन् तो झोकांड्या खाऊन रायला, काय करावं?

घाटंजीची_बहीण

नमस्कार. आमचं गाव घाटंजी तालुक्यात, टिपेश्वरच्या जंगलाकडं. माह्या लहान भावाले सातवीत होता तवापासून फिट येत होती. घरच्यायनं भगताकडं नेलं, दरग्यावर नेलं, फिट आली का चप्पल हुंगवली. मंग यवतमाळच्या एका डॉक्टरनं फेनिटोइन १०० मिलीग्राम चालू केली, रात्री जेवल्यावर तीन गोळ्या. त्या गोळीनं आमचं घर सावरलं, हे मी मनापासून सांगते. पोट्टा आयटीआय शिकला, आता गावातल्या मोटारी रिवाइंडिंग करते. लय दिवसात फिट नाई.

कापूस वेचणी सुरू झाली त्या सुमारास नेहमीच्या मेडिकलात नेहमीची गोळी नव्हती. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची देली, म्हणे तेच औषध हाय, तेवढीच पावर हाय. सुरुवातीले काई वाटलं नाई. मंग हळूहळू बिघडलं. आता चालतानी भिंतीले हात लावते. बोलणं जड झालं. ताटातला घास उचलाले गेला का हात बाजूलेच जाते. कॉइलचा तार ओवता येत नाई म्हणून परवा चिडून पक्कड फेकली त्यानं. अन् बाजूले पाय म्हटलं का त्याची बुबुळं थरथर हलतेत.

लोकं म्हणतेत पिऊन येते. त्यानं आजपर्यंत थेंब घेतला नाई. मोठ्या काकानं आईसमोर त्याचं तोंड हुंगून पाह्यलं. तो काईच बोलला नाई, आत जाऊन झोपला.

आई म्हणते गोळी बंद कर. जवळच्या एका डॉक्टरनं कमजोरी म्हणून टॉनिक देलं. मले विचाराचं हे हाय : कंपनी बदलल्यानं असं होते का? गोळी बंद करू का एक कमी करू? अन् हे जुनं औषध आता कोणी देत नाई, नवीन घ्या असं ऐकलं, तं हे खरंच खराब हाय का?

औषधवाला_काका

ताई, ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीत माझी सगळी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. सगळ्यात आधी कामाचं सांगतो.

गोळी आपल्या मनानं बंद करू नका. फेनिटोइन एकाएकी तुटलं तर फिटवर फिट येऊन माणूस शुद्धीवरच येत नाही, असं होऊ शकतं. पण वाटही पाहत बसू नका. उद्या सकाळी त्याला फिजिशियनकडे न्या, जमलं तर थेट मेडिकल कॉलेजला. ज्यांनी गोळी सुरू केली त्या डॉक्टरांचा नंबर असेल तर आज रात्रीच्या डोसचं आत्ताच विचारून घ्या. जुन्या आणि नव्या गोळीची पाकिटं, रिकामी असली तरी, सोबत न्या. तिथं एवढंच सांगा : हा फेनिटोइनवर आहे, झोक जातो, बुबुळं हलतात, रक्तातली फेनिटोइनची लेव्हल पाहायची आहे. 'कमजोरी' हा शब्द तुम्ही काढूच नका, नाहीतर पुन्हा टॉनिक मिळेल. तोवर मोटारसायकल नाही, विहिरीवर जाणं नाही, चालू लाइनचं काम तर अजिबात नाही. गुंगी वाढली, उलट्या सुरू झाल्या, किंवा अंगावर लाल पुरळ आणि तोंडात फोड आले, तर सकाळ होऊ देऊ नका, रात्रीच १०८ ला फोन करा.

आणि तो प्यायलेला नाही. हे तुमच्या काकांना वाचून दाखवा. हे औषध रक्तात जास्त झालं की लहान मेंदूवर परिणाम होतो. तोल, बोलणं, हाताचा नेम, नजर स्थिर ठेवणं, ही सगळी कामं त्याच्याकडे. दारूचाही मार तिथंच बसतो, म्हणून दोन्ही दिसायला सारखं. फेनिटोइनचं रक्तातलं नेहमीचं माप १० ते २० मायक्रोग्राम दर मिलीलिटर. साधारण २० च्या वर बुबुळं थरथरतात, ३० च्या वर झोक जातो, ४० च्या वर माणूस सुस्त आणि गोंधळलेला होतो. तुम्ही लिहिलेलं वाचून मला तिशीच्या आसपासचा संशय येतो. पण माझ्या संशयावर गोळी बदलू नका, रक्त तपासा.

आता एवढ्याशा फरकानं एवढं कसं बिघडतं? सीझनला जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या लागतात ते तुम्ही पाहिलं असेल. जिनिंगची क्षमता आहे तोवर गाड्या थोड्या वाढल्या तरी काटा करून निघून जातात. क्षमता एकदा भरली की रोज दोनच गाड्या जास्त आल्या तरी रांग दररोज लांबत जाते आणि काही दिवसांत हायवेला टेकते. यकृतात फेनिटोइन मोडणारं एन्झाइम असंच आहे. बहुतेक औषधांत डोस दीडपट केला तर रक्तातलं प्रमाण दीडपट होतं. यात ३०० चे ४०० केले तर प्रमाण दुपटीच्याही वर जाऊ शकतं. म्हणून जाणते डॉक्टर ३०० च्या पुढं २५-५० मिलीग्रामच्या पायरीनं चढतात. आणि रांग साचायला वेळ लागतो, म्हणून तुम्हाला सुरुवातीला काही दिसलं नाही.

कंपनी बदलल्यानं हे होऊ शकतं का, तर होऊ शकतं, आणि त्याचा दाखला जुना आहे. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात फेनिटोइन घेणारे बरेच रुग्ण एकाएकी झोकांड्या खायला लागले. डोस कोणी वाढवला नव्हता. शोध घेतला तेव्हा कळलं की कॅप्सूलमध्ये औषधासोबत भरायची पूड बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट असायचं, त्याच्या जागी लॅक्टोज घातलं गेलं. कॅल्शियम सल्फेटमुळे बरंचसं औषध आतड्यात न शोषता निघून जायचं, लॅक्टोजमुळे ते अंगी लागायला लागलं. औषध तेच, मिलीग्राम तेवढेच, आणि माणसं विषबाधेनं आजारी. १९७० मध्ये हा शोध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. गोळीत औषध किती आहे याच्याइतकंच ते पोटात कसं सुटतं यालाही महत्त्व आहे, हे आमच्या धंद्याला त्या प्रकरणानं शिकवलं. 'पावर तेवढीच आहे' हे दुकानदाराचं बोलणं खोटं नाही, पण या औषधाच्या बाबतीत पुरेसंही नाही.

पाकिटावर आणखी एक वाचा : 'फेनिटोइन सोडियम' लिहिलंय की नुसतं 'फेनिटोइन'. १०० मिलीग्राम फेनिटोइन सोडियममध्ये खरं फेनिटोइन ९२ मिलीग्रामच असतं. आठ मिलीग्रामचा फरक किरकोळ वाटतो, पण क्षमता आधीच भरलेली असेल तर तोही भारी पडतो.

औषध खराब आहे का, या प्रश्नाचं उत्तर मी 'नाही' असंच देईन. १९०८ मध्ये जर्मनीत बिल्ट्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा तयार केलं. मग तीस वर्षं त्याचं काही झालं नाही. १९३८ मध्ये बोस्टनच्या मेरिट आणि पुटनम या दोघांनी दाखवून दिलं की ते फिट थांबवतं आणि तेही फेनोबार्बिटोन या फिटच्या आधीच्या औषधाइतकी गुंगी न आणता. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे. ते स्वस्त आहे, आणि तुमच्यासारख्या किती घरांना त्यानं सावरलंय ते मी खिडकीतून पाहिलंय. फक्त ते दुर्लक्ष सहन करत नाही.

एक प्रश्न माझ्याकडून, आणि याचं उत्तर जरूर द्या. गोळीची कंपनी बदलली त्याच्या आगंमागं दुसरं कोणतं औषध सुरू झालंय का? टीबीचं, बुरशीचं, पित्ताचं, काहीही.

आशाताई_आर्णी

काकांचं अगदी बरोबर. मी आशा आहे, पातळ औषधाचं सांगते, कारण लहान लेकरांना तेच मिळते.

माझ्याकडच्या एका घरी चार वर्षांच्या पोरीला नवी बाटली फोडली की फिट यायच्या आणि बाटली संपत आली की पोरगी दिवसभर पेंगायची. आजी औषध देत होती, एकही दिवस चुकवत नव्हती. मी बाटली उजेडात धरली तर खाली पांढरा गाळ, वर पातळ पाणी. फेनिटोइन त्यात विरघळलेलं नसते, नुसतं तरंगत असते आणि खाली बसते. आजी बाटली न हलवता वरचं ओतायची. म्हणजे सुरुवातीला लेकराला औषध कमी आणि शेवटी सगळा गाळ.

आता आजी बाटली चांगली खळखळून हलवते, मगच काढते, आणि चहाच्या चमच्यानं नाही तर सुई काढलेल्या सिरिंजनं. दुसरं म्हणजे बाटलीवर ५ मिलीत किती मिलीग्राम ते दर वेळी वाचा. ३० वाली पण येते आणि १२५ वाली पण येते. चमचा तोच आणि औषध चौपट, असा घोळ होते.

रात्रपाळी_सिस्टर

गोळीबद्दल काकांनी सांगितलंच आहे. इंजेक्शनबद्दल मला लिहावंसं वाटतं, कारण खेड्यात त्याचा सगळ्यात जास्त गैरवापर मी पाहिला आहे.

फेनिटोइन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून जुन्या इंजेक्शनात प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं आणि त्याचा पीएच १२ च्या आसपास ठेवलेला असतो, म्हणजे अतिशय क्षारीय. शिरेच्या बाहेर सांडलं तर हात सुजतो, निळा-जांभळा पडतो, कधी कातडी जाते. एक म्हातारे बाबा बाहेरून कुठून तरी असं इंजेक्शन घेऊन आमच्याकडे आले होते. मनगटाच्या मागं बारीक शीर, त्यातच सुई, आणि पंजा वांग्याच्या रंगाचा. अंगठी कापून काढावी लागली. तेव्हापासून मी कोपराजवळची मोठी शीर सापडल्याशिवाय हे औषध भरत नाही.

कमरेत तर हे द्यायचंच नाही. स्नायूत त्याचे खडे होतात, औषध वेळेवर रक्तात पोचत नाही आणि जागा दुखून येते. ग्लुकोजच्या सलाईनमध्येही घालायचं नाही, लगेच साका धरतो. फक्त नॉर्मल सलाईन. आणि मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलीग्रामपेक्षा जोरात नाही, कारण रक्तदाब पडतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात. साठ किलोच्या माणसाला किलोमागं २० मिलीग्राम धरले तर १२०० मिलीग्राम होतात, म्हणजे कमीत कमी २४ मिनिटं मॉनिटर लावून शेजारी उभं राहायचं. नातेवाईक म्हणतात, सिस्टर पटकन टाका ना. पटकन टाकायचं औषधच नाही ते.

यावर काढलेला तोडगा म्हणजे फॉसफेनिटोइन. मूळ औषधाला फॉस्फेटची जोड दिली आहे, त्यामुळे ते पाण्यात विरघळतं, शिरेला भाजत नाही, गरज पडली तर स्नायूतही देता येतं, आणि रक्तात गेल्यावर काही मिनिटांत त्याचं फेनिटोइन होतं. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पण जपून, ७५ मिलीग्राम फॉसफेनिटोइन म्हणजे ५० मिलीग्राम फेनिटोइन. या हिशोबात गडबड होऊन माणसं दगावल्याची नोंद आहे. ठोके आणि रक्तदाब यातही पाहावे लागतातच.

जुनं की नवं याबद्दल २०१९ चा एक मोठा अमेरिकी अभ्यास आहे. पहिल्या इंजेक्शननं न थांबणाऱ्या फिटमध्ये लेव्हेटिरासेटाम, फॉसफेनिटोइन आणि व्हॅल्प्रोएट या तीन औषधांची आंधळी तुलना केली, म्हणजे कोणाला कोणतं दिलं ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. ४७, ४५ आणि ४६ टक्के रुग्णांत फिट थांबली. म्हणजे कोणी कोणापेक्षा सरस निघालं नाही. आमच्याकडे लेव्हेटिरासेटाम हाताशी असलं तर तेच आधी घेतात, कारण ते शिरेला त्रास देत नाही आणि लवकर भरता येतं. ते नसेल तेव्हा फेनिटोइननं जीव वाचतो, नीट दिलं तर.

आणि घरी फिट आली तर कुशीवर करा, तोंडात चमचा-कांदा काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेली की १०८.

घाटंजीची_बहीण

काका, तुम्ही विचारलं अन् मी आईकडं पाह्यलं, आई माह्याकडं. दसऱ्याच्या सुमाराले त्याचा खोकला जात नव्हता, थुंकी तपासली तं टीबी निघाली. तवापासून गावातली आशाताई त्याले रोज गोळ्या देते. वजन लय उतरलं होतं त्याचं. पण तो आजार छातीचा अन् हा डोक्याचा, म्हणून दोन्हीचा संबंध असन असं आमच्या मनातच आलं नाई. टीबीच्या डॉक्टरले फिटच्या गोळीचं कोणी सांगितलं का, हे मले माहीत नाई. उद्या सकाळच्या यष्टीनं निघतो आमी.

औषधवाला_काका

बरं झालं सांगितलं. आता चित्रच बदललं. त्या दुकानदाराला एकट्याला दोष देऊ नका.

टीबीच्या औषधांत आयसोनियाझिड असतं. फेनिटोइन मोडण्याचं काम ते यकृतात अडवतं. आयसोनियाझिड शरीराबाहेर टाकण्याचा वेग माणसागणिक जन्मतःच वेगळा असतो, आपल्या देशात संथ गतीची माणसं खूप, आणि त्यांच्यात फेनिटोइन जास्त चढतं. त्याच गोळीतलं रिफॅम्पिसिन नेमकं उलटं करतं, यकृताला फेनिटोइन भराभर मोडायला लावतं. दोघांत कोण भारी पडेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून रक्त तपासल्याशिवाय गत्यंतर नाही. टीबीची गोळी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, तो निर्णय डॉक्टरांचा.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. फेनिटोइनचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. काम करतो, आणि त्रासही देतो, तो उरलेला मोकळा भाग. टीबीनं वाळलेल्या माणसाचं अल्ब्युमिन उतरलेलं असतं, म्हणून मोकळा भाग वाढतो. लॅब मात्र साधारणपणे एकूण आकडा मोजते. तेव्हा रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येईल आणि माणूस भिंत धरून चालत असेल. लेव्हलसोबत अल्ब्युमिनही करायला सांगा. विसरू नका.

घाटंजीची_बहीण

काका, तुमच्या पाया पडते. रिपोर्ट आला. फेनिटोइन १९. काउंटरवरचा पोरगा म्हणे, नॉर्मल हाय, घेऊन जा. मी म्हटलं अल्ब्युमिन कुठं हाय? ते २.५ निघालं. डॉक्टर मॅडमनं कागदावर हिशोब करून दाखवला, १९ भागिले ०.६, म्हणजे हे साध्या माणसाच्या ३२ सारखं. भरती करून घेतलं. फेनिटोइन थांबवून ठेवली, मंग कमी डोसवर चालू केली, टीबीच्या गोळ्या तशाच ठेवल्या. आता तो भिंत न धरता संडासले जाते. नजर अजून थोडी हलते.

मोठे काका दवाखान्यात आले होते. मॅडमनं त्यायले समोर बसवून समजावलं. त्यायनं भावाच्या डोक्यावरून हात फिरवला.

हिरड्या सुजून दातावर आल्या त्याच्या, तेही या गोळीचंच का? अन् पुढं काय सांभाळू?

औषधवाला_काका

वाचून फार बरं वाटलं, ताई. तो ०.६ कुठून आला ते लिहून ठेवा, पुढं कामी येईल : अल्ब्युमिनला ०.२ नं गुणा आणि ०.१ मिळवा. मोजलेल्या आकड्याला त्यानं भागा. अंदाजच आहे तो, पण 'नॉर्मल'पेक्षा खरा.

हिरड्या फेनिटोइननंच वाढतात. दोन वेळा मऊ ब्रश, आणि दाताच्या डॉक्टरांकडून सफाई. फार वाढल्या तर औषध बदलायचं का ते मॅडमना विचारा. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची हाडंही ठिसूळ होतात, तेव्हा ड जीवनसत्त्वाचंही विचारा.

गोळी यापुढं एकाच कंपनीची. दुकानदाराला पाकीट दाखवून आधीच मागवून ठेवायला सांगा, आणि बदलावीच लागली तर मॅडमना कळवून.

पण मला सगळ्यात जास्त काळजी टीबीचा कोर्स संपेल त्या दिवसांची वाटते. साधारण सहा महिन्यांनी आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन एकाच दिवशी बंद होतील. आयसोनियाझिडचा अडथळा लवकर जाईल. रिफॅम्पिसिननं यकृताला लावलेला वेग मात्र आणखी दोनेक आठवडे टिकेल. त्या मधल्या दिवसांत फेनिटोइन झपाट्यानं मोडलं जाईल, वरून डोसही आता कमी केलेला. लेव्हल खाली गेली तर नेमकी तेव्हाच फिट येऊ शकते. नंतर दोन्हींचा असर गेला की लेव्हल पुन्हा बदलेल. म्हणून कोर्स संपायच्या आधी मॅडमकडे जा, संपल्यावर आठवडाभरानं एक लेव्हल आणि महिन्यानं आणखी एक, असं चालेल का विचारा. टीबीच्या कार्डावर 'फिटची गोळी चालू आहे : फेनिटोइन' असं मोठ्या अक्षरात लिहून घ्या, आणि तुमच्या आशाताईंनाही कोर्स संपायची तारीख आत्ताच विचारून ठेवा. त्या दिवसांत त्याला एकट्याला विहिरीवरच्या मोटारीला पाठवू नका.

आशाताई_आर्णी

कार्डावरचं मी उद्यापासून माझ्या सगळ्या टीबी पेशंटना विचारते, फिटची गोळी चालू आहे का म्हणून. आमच्या फॉर्मात तो रकाना नाही, पेननं लिहीन.